मरू द्या त्या पेशीला

“उन्हानं कातडीच्या पेशी मरतात, पेशी मेल्या की कातडी खराब होते, म्हणून पेशी वाचवा.” हा युक्तिवाद दिसायला इतका सरळ आहे की त्याला वाटेत कोणी अडवत नाही. तो पार्लरमध्ये ऐकू येतो, औषधाच्या दुकानात ट्यूब पुढे सरकवताना ऐकू येतो, आणि सकाळी सकाळी फोनवर येणाऱ्या आरोग्यसल्ल्यांत तर गुलाबाच्या चित्राखाली छापून येतो. त्याच्या विरुद्ध बाजूला दुसरा युक्तिवाद तितक्याच ठामपणे उभा असतो: “ही सगळी गोऱ्या लोकांची दुखणी. आपली कातडी सावळी, बापजाद्यांपासून उन्हात रापलेली. तिला काय धाड भरलीय?”

दोघं एकमेकांशी भांडताहेत असं वाटतं. मला ते एकाच बाकावर बसलेले दिसतात. पेशीचं मरण म्हणजे नुकसान, हे दोघांनीही न तपासता मान्य केलंय. एक म्हणतो नुकसान होतं, दुसरा म्हणतो होत नाही. उन्हानं बिघडलेली पेशी मरते तेव्हा नुकसान टळत असतं, ही शक्यता दोघांच्याही मनाला शिवत नाही. माझा वाद तिथे आहे.

दोन्ही बाजू एका फेरीत ऐकायच्या असतील तर कार्तिकात साजगावला जावं. खालापूर तालुक्यात, खोपोलीला लागून, साजगाव-ताकईच्या बोंबल्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. सुकी मासळी आणि घोंगड्या यांसाठी ती नावाजलेली. बोंबील, सुकट, जवळा यांचे ढीग पुढ्यात मांडून बसलेल्या मावशींच्या दंडाकडे पाहा. ब्लाउजची बाही सरते तिथे एक रेघ असते, आणि रेघेखालची कातडी वरच्यापेक्षा स्पष्टपणे गडद असते. उन्हाचं विचारलं तर त्या हसतील, आणि हसण्याचा त्यांना अधिकार आहे. त्याच बाजारात चार पावलांवर गोरेपणाच्या ट्यूबांची पालं लागलेली असतात. कार्तिकातलं ऊन, खरं सांगायचं तर, या वादासाठी फारसं कडक नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. जुलैत ढग असतात. उरतो मे.

आता मावशींच्या दंडावरची ती गडद कातडी. “रापली म्हणजे पक्की झाली” हे आपलं लाडकं मत. रापण्याचा हुकूम कुठून सुटतो ते बघा. कातडीच्या पेशींतल्या डीएनएला इजा झाली की पी-53 नावाचं प्रथिन जागं होतं. ते एक संप्रेरक तयार करायला लावतं, ते संप्रेरक शेजारच्या रंगपेशींपर्यंत पोचतं आणि रंगपेशी मेलॅनिन ओतू लागतात. ही साखळी 2007 मध्ये डेव्हिड फिशर यांच्या गटानं दाखवली. म्हणजे इजा आधी झाली, रंग नंतर आला. दंडावरचा काळेपणा ही ढाल जरूर आहे, पण घाव बसल्यावर उचललेली. शिवाय नुसत्या रापण्यानं मिळणारं संरक्षण बेताचंच असतं, तीन-चार एसपीएफच्या क्रीमएवढं.

दुसरी समजूत याहून चिवट आहे: ऊन लागतं म्हणजे उष्णतेनं कातडी भाजते. म्हणून थंड हवेत ऊन लागत नाही, ढगाळ दिवशी लागत नाही, माथेरानला तर लागतच नाही. माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा थर थोडा पातळ, त्यामुळे अतिनील किरणं पायथ्याच्या नेरळपेक्षा किंचित जास्तच पोचतात. पातळ ढगांतूनही ती बरीचशी आरपार येतात. गारवा वाटतो तो लाल आणि अवरक्त भागाचा हिशेब. कातडीची पेशी ज्या किरणांनी मरते त्यांचा स्पर्श आपल्याला जाणवतच नाही.

याचा पुरावा शोधायला सूर्यसुद्धा लागत नाही. साजगाव-ढेकू ते खोपोली हा कारखान्यांचा पट्टा. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू असतं. वेल्डरच्या तोंडासमोर काच असते. पत्रा धरून उभा असलेला हेल्पर मात्र बाह्या दुमडून, डोळे किलकिले करून काम भागवतो. आर्कमधून अतिनील किरणांचे तिन्ही पट्टे बाहेर पडतात, सूर्याचा जो सर्वांत घातक पट्टा ओझोन आपल्यापर्यंत येऊ देत नाही तोही. काम सुटतं तेव्हा पोरगा ठणठणीत असतो. जेवतो, झोपतो. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपायला लागतं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. घरचे बटाट्याच्या चकत्या ठेवतात. मानेवर आणि हातावरही उन्हात करपल्यासारखा लालपणा येतो, पावसाळ्याच्या दिवसात, छपराखाली.

भाजलं असतं तर तव्याला हात लागावा तसं त्याच क्षणी कळलं असतं. इथे सहा ते बारा तास जातात. एवढा वेळ आत काय चाललेलं असतं? “पेशी वाचवा” म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाला कधी हात घातलेला नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

अतिनीलच्या ‘बी’ पट्ट्यातली, म्हणजे साधारण 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीची किरणं डीएनए स्वतः शोषून घेतो. त्याच्या धाग्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन थायमिन, किंवा थायमिन आणि सायटोसिन, एकमेकांना चिकटतात. अशी जोडी जमली की त्या जागी डीएनएची नक्कल करणारं विकर अडतं, डीएनए वाचणारंही अडतं. कडक उन्हात तासभर राहिलेल्या एकेका पेशीत अशा जोड्या हजारोंनी पडतात. बहुतेक दुरुस्त होतात. दुरुस्ती करणारी प्रथिनं बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप घेतात, तीसेक अक्षरांचा तुकडा उचलून फेकतात आणि समोरच्या धाग्यावरून तो पुन्हा लिहितात. ही यंत्रणा उलगडणाऱ्यांपैकी अझीझ सान्जार यांना 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. काही प्रकारच्या जोड्या काही तासांत साफ होतात, काही दुसऱ्या दिवशीही अर्ध्याअधिक शिल्लक असतात.

दुरुस्ती चालू असताना पी-53 पेशीला विभागू देत नाही. आधी दुरुस्ती, मग पुढचं. पण इजा आवाक्याबाहेरची असेल तर तेच पी-53 बाजू बदलतं. तंतुकणिकांच्या आवरणाला भोकं पाडणाऱ्या प्रथिनांना ते मोकळं सोडतं. आतलं सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं. कॅस्पेज नावाची विकरं जागी होऊन पेशीच्या आतलं सामान शिस्तीत कापत सुटतात. पेशी आक्रसते, केंद्रक आवळून काळं पडतं, तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. या प्रकारच्या मरणाला केर, वायली आणि करी या तिघांनी 1972 मध्ये अपोप्टोसिस हे नाव दिलं. उन्हानंतरच्या दिवशी कातडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर गुलाबी अंगाच्या आणि काळ्या ठिपक्यासारख्या केंद्रकाच्या एकट्या-दुकट्या पेशी दिसतात. डॉक्टर त्यांना सनबर्न सेल म्हणतात. त्या भाजून मेलेल्या नसतात. चौकशी होऊन, निकाल लागून मेलेल्या असतात, आणि मधले तास त्या चौकशीचे.

आता समजा, ही पेशी वाचवली. प्रयोगशाळेत वाचवलेली आहे. 1994 मध्ये येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटानं पी-53 निकामी असलेल्या उंदरांच्या कातडीवर अतिनील किरणं सोडली. सनबर्न सेल कमी दिसल्या. पेशी वाचल्या म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत, कारण वाचल्या त्या डीएनए बिघडलेल्या अवस्थेत. पाच वर्षांनी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या संशोधकांनी मरणाचा दुसरा रस्ता बंद करून पाहिला. फास-लायगँड हे प्रथिन पेशीला बाहेरून मरणाचा संदेश देतं. ते नसलेल्या उंदरांना वारंवार अतिनील किरणं दिली तेव्हा 20 पैकी 14 उंदरांच्या कातडीत पी-53 ची उत्परिवर्तनं साठलेली सापडली. साध्या उंदरांत 20 पैकी एकात. हा प्रयोग जाहिरातवाल्या मंडळींनी फ्रेम करून काउंटरमागे लावावा. “पेशी मरू दिल्या नाहीत” या वाक्याचा अर्थ तिथे आकड्यात लिहिलेला आहे.

उलट दिशेनंही पाहून झालंय. 2002 मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या गटानं अतिनील किरणं दिलेल्या उंदरांच्या कातडीवर कॅफीन किंवा हिरव्या चहातलं एक द्रव्य लावलं. गाठींतल्या पेशी जास्त मेल्या आणि गाठी कमी झाल्या. (यावरून कोणी चहाचा चोथा तोंडाला फासू नये. उंदीर तो उंदीर, आणि चोथा तो चोथा.)

इथे जाणकार वाचक मला थांबवेल, आणि थांबवावं. ही डीएनए-पी-53 ची गोष्ट गेल्या काही वर्षांत तेवढी निर्विवाद राहिलेली नाही. अतिनील किरणं आरएनएलाही बिघडवतात. बिघडलेल्या आरएनएवरून सरकणारे रायबोसोम अडकतात, एकमेकांवर आदळतात, आणि झॅक-अल्फा नावाचं प्रथिन तो अपघात टिपतं. 2022 मध्ये दिसून आलं की माणसाच्या कातडीच्या पेशीत हेच झॅक पुढे एनएलआरपी-1 या दुसऱ्या प्रथिनाला चेतवतं आणि पेशी निमूट आक्रसण्याऐवजी फुटून मरते, फुटताना आजूबाजूला दाहाचे संदेश सोडते. मग 2024 च्या शेवटी कोपनहेगनच्या संशोधकांनी झॅक नसलेल्या उंदरांवर अतिनील किरणं सोडून दाखवलं की सुरुवातीचा दाह, पेशींचं मरण आणि कातडीचं जाड होणं हे सगळंच ओसरतं. म्हणजे पहिल्या काही तासांतली बोंब डीएनएसाठी नसतेच, ती आरएनएमुळे उठते. पाठ्यपुस्तकातलं चित्र दुरुस्त करायला हवं यात शंका नाही.

मग माझा मुद्दा पडला का? नाही. आरएनए हा टाकाऊ माल आहे, पेशी तो तासातासाला नवा बनवते. त्याच्या बिघाडासाठी स्वतःचा जीव द्यायचं पेशीला कारण नाही. पण ज्या किरणांनी आरएनए बिघडला त्याच किरणांनी त्याच क्षणी डीएनएही बिघडलेला असतो. डीएनएची तपासणी वेळखाऊ. आरएनएचा घोटाळा मिनिटांत कळतो. आधी कळणाऱ्या खुणेवरून पेशीनं मोठ्या बिघाडाचा अंदाज बांधला असेल तर ती मूर्ख ठरत नाही. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण मरणाचा हुकूम कोणत्या दारातून आला यावरून मरणाचा उपयोग रद्द होत नाही.

आता सावळ्या कातडीवाल्यांकडे वळू. त्यांच्या बाजूनं एक मोठी साक्ष आहे, आणि ती मराठी मुलखातलीच आहे. परळचं टाटा मेमोरियल 1941 मध्ये सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकरांकडे होती. त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी 1945 मध्ये आपल्याकडच्या रीतिभातींतून होणाऱ्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यातला एक धोतराचा कर्करोग: कमरेला ज्या जागी धोतराची गाठ वर्षानुवर्षं घट्ट बसते, काचते, तिथल्या कातडीचा. पुढे साडीच्या, म्हणजे परकराच्या नाडीच्या जागी झालेले असेच रुग्ण मुंबईच्याच डॉक्टरांनी नोंदवले. ध्यानात घ्या, कमर ही कपड्याखालची जागा. ऑस्ट्रेलियात कातडीचा कर्करोग नाकावर, कानावर, मानेवर येतो. आपल्याकडे तो नोंदला गेला तो जिथे ऊन कधी पोचलं नाही तिथे, किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर. भारतातल्या नोंदींत उन्हानं होणारा कातडीचा कर्करोग यादीत फार खाली असतो, हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. “ऊन लागलं की कर्करोग” अशी भीती साजगावच्या बाजारात विकणं हा खोटेपणा आहे.

पण “आपल्याला काही होत नाही” याचं कारण काय, ते विचारा. मेलॅनिन, असं उत्तर येतं. बरोबर, पण अर्धवट. 1979 च्या एका मोजणीत काळ्या अमेरिकनांच्या वरच्या कातडीचं संरक्षण सरासरी 13.4 एसपीएफ आणि गोऱ्यांचं 3.4 भरलं, आपण यांच्या मध्ये कुठेतरी. चौपटीचा फरक आहे, आणि कर्करोगाच्या प्रमाणातला फरक चौपटीत मावत नाही, तो कितीतरी मोठा आहे. उरलेलं काम कोण करतं? 2006 मध्ये यामागुची आणि व्हिन्सेंट हिअरिंग यांच्या गटानं वेगवेगळ्या वर्णाच्या माणसांच्या कातडीला अतिनील किरणं देऊन दोन गोष्टी मोजल्या. गडद कातडीत खालच्या थरांपर्यंत डीएनएची इजा कमी पोचली, हे अपेक्षितच. दुसरी गोष्ट अपेक्षित नव्हती: इजा झालेल्या पेशी गडद कातडीत जास्त सफाईनं मेल्या.

म्हणजे ज्या कातडीचा अभिमान बाळगून आपण “तिच्या पेशी मरत नाहीत” म्हणतो, तिचं मोठेपण काही अंशी तरी पेशी मारण्यात आहे. मावशींच्या कातडीला काही होत नाही असं नाही. होतं, आणि कातडी ते निस्तरते. पार्लरवाले आणि रापलेलेवाले, दोघांनीही हा एक प्रयोग वाचला असता तर निम्मं भांडण मिटलं असतं.

आणि मेलॅनिन म्हणजे निव्वळ सज्जन नव्हे. 2015 मध्ये संजय प्रेमी आणि ब्रॅश यांनी दाखवलं की अतिनील किरणं थांबल्यावर, पार अंधारात, तीन तासांहून जास्त वेळ रंगपेशींच्या डीएनएमध्ये त्याच घातक जोड्या पडत राहतात, आणि त्यांना कारण मेलॅनिनच असतं. किरणांनी चेतवलेल्या रासायनिक क्रियेत मेलॅनिनचे तुकडे ऊर्जा साठवतात आणि ती डीएनएवर उतरवतात. माणूस सावलीत येऊन बसला तरी हिशेब चालूच. शिवाय वेल्डिंगच्या शेडमधल्या त्या हेल्परच्या बुबुळावर मेलॅनिनचा पडदा नाही. तिथे सावळा आणि गोरा एकाच पंक्तीला. अंगावर कोड असलेले, जन्मतः वर्णहीन असलेले, मूत्रपिंडरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, यांनाही “आपली सावळी कातडी” या आपलेपणात जागा नसते. त्यांना उन्हाची खबरदारी सांगितली की घरचे म्हातारे “नखरे” म्हणतात.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत जड आक्षेप मात्र या दोघांपैकी कोणी घेतलेला नाही, तो मलाच मांडावा लागतो. मरण जर एवढं उपकारक, तर जितकी जास्त मरतील तितकं बरं? रोज भर दुपारी उघडं बसावं? झिरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक रोगाच्या मुलांकडे बोट दाखवता येईल. जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये दाखवलं की या मुलांत डीएनए दुरुस्तीची यंत्रणाच अधू असते. त्यांच्या पेशी उन्हानं इतरांपेक्षा जास्त मरतात, आणि तरीही विशीच्या आत त्यांना कातडीचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या दहा हजार पटींच्या घरात असतो. ही मुलं नात्यातल्या लग्नांत जास्त जन्मतात, मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या आपल्या समाजांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर माझा मुद्दा बारीक करतं. मरणाची चाळण शंभर टक्के घट्ट नसते. लाखांत एखादी पेशी अशी निघते की जिच्या पी-53 चाच घात झालेला असतो. तिला मरणाचा हुकूम ऐकूच येत नाही. ती एकटी असते तोवर चारी बाजूंच्या निरोगी पेशी तिला हलू देत नाहीत. 2001 मध्ये ब्रॅश यांच्याच गटानं उंदरांत पाहिलं की अतिनील किरणं चालू राहिली की अशा पेशींचा ठिपका नवं उत्परिवर्तन न होता शेजारच्या भागात पसरतो. किरणं थांबवली की पसरणं थांबतं. कारण रोजच्या माऱ्यात आज्ञाधारक पेशी मरतात आणि जागा मोकळी होते. खाचरात आवणीनंतर भाताचे चूड जळाले की त्या रिकाम्या जागेत तणच आधी शिरतं, तसं हे. तण बी पेरून आलेलं नसतं, जागा मिळाली म्हणून आलेलं असतं.

माणसातही याची खूण आहे. 2015 मध्ये इनिगो मार्टिनकोरेना आणि सहकाऱ्यांनी चार जणांच्या पापणीची, शस्त्रक्रियेत काढून टाकलेली, दिसायला पूर्ण निरोगी कातडी तपासली. कर्करोगाकडे नेणारी उत्परिवर्तनं पाव हिश्शाच्या आसपास पेशींत आधीच होती. ती माणसं आजारी नव्हती. त्यांची पापणी आयुष्यभर ऊन खात होती, एवढंच.

तेव्हा माझं म्हणणं नेमकं करून सांगतो. घाव टाळणं आणि घाव बसल्यावरचं मरण टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शहाणपणाची, दुसरी घातक. पूर्ण बाह्या, डोक्यावर पदर किंवा टोपी, दुपारी बारा ते तीन झाडाखाली किंवा मांडवात बैठक, वेल्डिंगच्या जागेला आडोसा आणि हेल्परलाही काच: यांनी किरणं पेशीपर्यंत पोचतच नाहीत, चौकशीची वेळच येत नाही. सनस्क्रीनही याच गटात बसतं, जाड थर लावला आणि घामाबरोबर वाहून गेल्यावर पुन्हा लावला तर. मासळीच्या पाटीमागे बसलेल्या बाईला दर दोन तासांनी ट्यूब पिळायला सांगणाऱ्यानं ट्यूबची किंमत आधी तिच्या दिवसाच्या गल्ल्याशी ताडून पाहावी. पदर फुकट आहे. ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवंच, पण मेच्या दुपारी तासन्‌तास करपण्याची त्याला गरज पडत नाही.

दुसऱ्या गटातला माल मात्र बाजारात उजळ माथ्यानं फिरतो. उन्हाचा लालपणा “शांत” करणारं म्हणून चिठ्ठीशिवाय दिलं जाणारं मलम बऱ्याचदा स्टिरॉइडचं असतं. केंद्र सरकारनं 2018 मध्ये अशी मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकायला बंदी. तरी गोरेपणाच्या नावाखाली ती तोंडाला फासली जातात. लाली जाते, कारण स्टिरॉइड दाह दाबतं. आतल्या चिकटलेल्या जोड्या तशाच राहतात. वर कातडी पातळ होते आणि पुढच्या उन्हाला आणखी उघडी पडते.

पार्लरमधल्या “डेड स्किन”चंही एकदा बोलून टाकू. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो, सगळ्यांचा, नेहमी. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत येते, वाटेत केंद्रक टाकून देते, केराटिननं भरते, चपटी होते आणि महिन्याभरात गळून पडते. हे मरण उन्हाच्या मरणापेक्षा निराळं, ठरलेलं. त्या मेलेल्या थरामुळे पाणी आत राहतं आणि जंतू बाहेर. ऊन खाल्ल्यावर शरीर तोच थर मुद्दाम जाड करतं, पुढच्या किरणांना अडवायला. आणि आपण पैसे मोजून तो खरडून काढतो, मग उन्हात बाहेर पडतो.

राहता राहिला झॅक. उंदरांत ते काढून टाकलं की ऊन “लागत” नाही, हे कळल्यावर उद्या ते अडवणारी क्रीम बनवण्याचा मोह कोणाला तरी होणारच. काही दुखण्यांत तिचा उपयोगही होईल. ल्युपसच्या रुग्णांना थोड्याशा उन्हानं भयंकर दाह होतो, त्यांच्यासाठी असं औषध मी नाकारणार नाही. पण ती ट्यूब निरोगी माणसांना “आता खुशाल उन्हात फिरा, पेशी मरणार नाहीत” असं सांगून खोपोलीच्या दुकानात आली, तर विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारायच्या. लावून उन्हात फिरलेल्यांच्या कातडीत पी-53 बिघडलेल्या पेशींचे ठिपके दहा वर्षांनी मोजले का? आणि न लावता फिरलेल्यांच्या तुलनेत ते किती भरले?